सजीवांचे वर्गीकरण आणि शालेय अध्यापन : मुंबई उपनगरांतील बाजारांच्या संदर्भात

प्रस्तावना

शालेय विज्ञानातील 'सजीवांचे वर्गीकरण' हा घटक बहुतांशी तक्त्याच्या आधारे शिकविला जातो. लिनियसच्या दोन सृष्टींपासून (१७३५) व्हिटाकरच्या पाच सृष्टींपर्यंतचा (१९६९) क्रम विद्यार्थी पाठ करतात व परीक्षेपुरता तो उपयोगीही पडतो. तथापि पाचही सृष्टींची नावे बिनचूक लिहिणारा विद्यार्थी चिमणीला 'प्राणी' म्हणावयास का कचरतो, याचा उलगडा तक्त्यातून होत नाही. भाषेने मुलांच्या मनात आधीच एक वर्गीकरण रुजविलेले असते. अध्यापनाचा आरंभ तेथून कसा करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भाषेतील वर्गीकरण

व्यवहारातील मराठीत 'प्राणी' म्हणजे सामान्यतः चार पायांचा, जमिनीवर वावरणारा जीव. 'प्राणी आणि पक्षी' हा शब्दप्रयोगच दोहोंना वेगळे मानतो. किडामुंगी तर दोहोंच्याही बाहेर. हा केवळ मराठीचा विशेष नव्हे. न्यूझीलंडमध्ये १९८० च्या दशकाच्या आरंभी बेव्हर्ली बेल यांनी केलेल्या अभ्यासातही कोळी, गांडूळ व माणूस यांना प्राणी न मानणारी अनेक मुले आढळली होती.

मराठीत परिभाषेची अडचण आणखी आहे. पाठ्यपुस्तकांत 'प्रजाती' हा वरचा गट असून 'जाती' हा त्यातील घटक होय. वृत्तपत्रे मात्र 'पक्ष्यांच्या प्रजाती' असे लिहून जातीलाच प्रजाती म्हणतात. 'जात' या शब्दाचा सामाजिक अर्थ टाळण्याची इच्छा त्यामागे असावी. पण विद्यार्थ्याच्या पदरी गोंधळच पडतो.

मासळीबाजार आणि भाजीमंडई

अंधेरी पश्चिमेला वेसाव्याचा कोळीवाडा आहे. तेथील पाट्यांवर पापलेट, बोंबील, मुशी, कोळंबी, चिंबोरी, माकूल, तिसऱ्या हे सारे 'मासळी' याच नावाखाली विकले जाते. व्यवहारासाठी हे वर्गीकरण निर्दोष आहे, कारण त्याचा निकष 'समुद्रातून आलेले खाद्य' हा आहे. शिक्षकाने ते चुकीचे ठरवू नये. निकष बदलून पाहावयास सांगावे. पाठीचा कणा आहे काय, असे विचारताच पापलेट, बोंबील व मुशी एकीकडे होतात. त्यांतही मुशीचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असल्याने ती पुन्हा वेगळी पडते. पायांना सांधे आहेत काय, या प्रश्नावर कोळंबी व चिंबोरी जवळ येतात. दोहोंचे चालण्याचे पाय, चिंबोरीच्या नांग्या धरून, दहाच भरतात. मात्र कोळंबीच्या पोटाखालचे पोहण्याचे अवयव मोजणीत येणार नाहीत, ही दक्षता घ्यावी लागते. माकूल व तिसऱ्या यांचे नाते मुलांना सहसा पटत नाही. माकूल चिरल्यावर आत निघणारी पारदर्शक पट्टी ही कवचाचाच अवशेष आहे, हे दाखविल्यावर 'मृदुकाय' हा शब्द निराळा शिकवावा लागत नाही.

घाटकोपर-मुलुंडकडील अनेक घरे शाकाहारी आहेत. तेथे भाजीमंडई हेच काम करील. 'कांदेबटाटे' हा जोडशब्द टिकाऊपणाच्या व व्यापाराच्या सोयीचा आहे. वनस्पतिशास्त्रात कांदा एकबीजपत्री, तर बटाटा द्विबीजपत्री. बटाट्याची सोयरीक वांगी, मिरची व टोमॅटो यांच्याशी आहे आणि ती त्यांच्या फुलांवरून ओळखू येते. त्याच मंडईत भाजी म्हणून विकली जाणारी अळंबी वनस्पतीच नव्हे. व्हिटाकरने कवकांना स्वतंत्र सृष्टी दिली.

पूर्व उपनगरांच्या खाडीकाठावर 'खारफुटी' हे उदाहरण हाताशी आहे. तिवर, कांदळ व चिपी यांना एकत्र बांधणारा दुवा खाऱ्या चिखलातील वास्तव्याचा आहे. त्यांची कुळे भिन्न आहेत. अधिवासावरून पाडलेला गट आणि नात्यावरून पाडलेला गट यांतील भेद दाखविण्यास याहून सोपे साधन क्वचितच मिळेल. (बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील शालेय सहल बहुधा बिबट्याच्या चर्चेतच आटोपते, ही गोष्ट वेगळी.)

चुकीचे मूल्य

'देवमासा' या नावामुळे मुले त्याला मत्स्यवर्गात घालतात व गुण गमावतात. परंतु १७३५ च्या पहिल्या आवृत्तीत लिनियसनेही देवमाशाला माशांतच ठेवले होते. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने तो सस्तन प्राण्यांत नेला. त्याला जे समजण्यास तेवीस वर्षे लागली, ते मुलाने एका तासिकेत निमूटपणे स्वीकारावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. फुप्फुसांनी श्वसन व पिलांना दूध पाजणे हे पुरावे मुलांसमोर मांडून निर्णय त्यांना करू द्यावा. तारामाशाच्या बाबतीतही हेच करता येते.

अध्यापक महाविद्यालयांतील सराव पाठांचे मूल्यमापन करताना या दृष्टीने प्रश्नांचे स्वरूप बदलणे शक्य आहे. 'निवटी कोणत्या वर्गात मोडते?' या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर पुरते. चिखलावर सरपटणारी, पाण्याबाहेर बराच काळ राहणारी निवटी उभयचर का नाही, असे विचारल्यास विद्यार्थ्याला तिचे पर व कल्ले आधी पाहावे लागतात.