सीता अशोक

सीता अशोक (शास्त्रीय नाव: साराका असोका) हा शिंबावंत कुलातील, मध्यम उंचीचा सदाहरित वृक्ष आहे. भारत, श्रीलंका व म्यानमार येथील दमट जंगलांत, विशेषतः ओढ्यांच्या काठी सावलीत तो नैसर्गिकरीत्या वाढतो. महाराष्ट्रात तो सह्याद्रीत व कोकणात आढळतो.

नावाचा घोळ

शाळांच्या व सोसायट्यांच्या कुंपणालगत सरळसोट वाढणारा, दाराच्या तोरणासाठी ज्याची पाने तोडली जातात, तो वृक्ष हा नव्हे. तो खोटा अशोक, सीताफळाच्या कुलातला. त्याची पाने साधी, लांबट व नागमोडी कडांची, तर फुले हिरवट आणि सहसा नजरेतही न भरणारी. सीता अशोकाचे पान संयुक्त असून त्यात पर्णिकांच्या साधारण चार ते सहा जोड्या असतात. कोवळी पालवी तांबूस व मऊ असते आणि झुबक्यांनी खाली लोंबते.

फुले

वसंतात जुन्या फांद्यांवर, क्वचित खोडावरही, सुगंधी फुलांचे दाट गुच्छ येतात. उमलताना पिवळसर नारिंगी असलेली फुले पुढे लाल होतात, त्यामुळे एकाच गुच्छात अनेक छटा दिसतात. या फुलांना पाकळ्या नसतात. पाकळ्यांसारखे दिसणारे चार भाग रंगीत निदलपुंजाचे असतात आणि लांब पुंकेसर त्यांच्या बाहेर डोकावतात. शेंगा चपट्या व चिवट असतात.

रामायणात सीतेला लंकेतील अशोकवनात ठेवल्याचा उल्लेख आहे. प्रचलित नाव त्यावरूनच आले. सुंदर स्त्रीच्या पायाच्या स्पर्शाने अशोक फुलतो हा कविसंकेत कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात कथानकाचाच भाग झाला आहे. ओडिशाचे राज्यफूल अशोक आहे.

औषधी उपयोग व ऱ्हास

आयुर्वेदात स्त्रीरोगांवर अशोकाची साल वापरतात. अशोकारिष्ट हे तिचे सर्वपरिचित औषध. हीच ख्याती वृक्षाच्या मुळावर आली आहे. खोडाभोवतीची साल पूर्ण सोलली की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड हळूहळू वाळते. शिवाय त्याची वाढ मंद असल्याने तोडीची भरपाई लवकर होत नाही. खरी साल दुर्मीळ होत गेल्याने बाजारात तिच्यात खोट्या अशोकाच्या सालीची भेसळ होते. म्हणजे नावाचा घोळ औषधापर्यंतही पोहोचला आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) 1998 साली या प्रजातीची नोंद ‘असुरक्षित’ गटात केली. बियांपासून रोपे तयार करता येतात. मात्र कोवळ्या रोपांना सावली व ओलावा लागतो.