हिरवा दिवा लागला, पण चाक बसले का?

घरी बांधलेले विमान म्हटले की आपल्याकडे लोक हसतात. २०१६ साली मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान मांडले, तेव्हा ते हसू थोडे कमी झाले. अमेरिकेत मात्र ही हौस जुनी आहे. अशा हौशी लोकांची ई.ए.ए. ही संघटना तेथे १९५३ साली निघाली. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः केलेले असावे, असा तेथील नियम आहे. म्हणजे चूक झाली तर बोट दाखवायला दुसरा कोणी नाही!

यातील लँकेअर ३६० सारख्या वेगवान विमानांची चाके उड्डाणानंतर आत जातात. वाऱ्याचा अडथळा कमी होतो, वेग वाढतो. पण उतरताना ती खाली येऊन पक्की बसली पाहिजेत, आणि खाली येणे वेगळे, पक्के बसणे वेगळे.

आपल्या घरातले घडीचे टेबल आठवा. पाय उघडल्यावर मधला सांध्याचा दुवा सरळ होतो आणि सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जाऊन अडतो. मग वरून वजन आले की तो आणखी घट्ट बसतो. रेषेच्या अलीकडेच राहिला तर ताट ठेवताच टेबल बसते. विमानाच्या चाकाचा दुवा पुष्कळदा असाच असतो. तो पलीकडे फार गेला तर चाक वर घेताना सुटता सुटत नाही. कमी गेला तर धावपट्टीवर पाय दुमडतो, पंखा जमिनीला लागतो आणि इंजिन उघडून तपासावे लागते.

म्हणून विमान जॅकवर अधांतरी उचलतात, बॅटरीला चार्जर लावतात आणि चाके वरखाली करून पाहतात. दुव्याच्या टोकाला आटे असतात. अर्धा फेरा फिरवायचा, पुन्हा चाके हलवायची, पुन्हा पाहायचे. घाई केली तर आटे फार बाहेर येतात. त्यासाठी काही दांड्यांना बारीक भोक ठेवलेले असते. त्यातून तार आरपार गेली तर आटे पुरेसे आत नाहीत असे समजावे.

आता हिरव्या दिव्याकडे येऊ. आम्ही वाणिज्य शाखेचे, कारकुनीत केस पिकवलेले. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे नसते, हे आम्ही ठेच लागून शिकलो. एकदा रक्कम भलत्याच खात्यावर चढली होती आणि तेरीज मात्र पैशापैशाला जुळली होती! दिव्याचेही तसेच. त्याला पेटवणारा छोटा स्विच चुकीच्या जागी बसला असेल, तर दुवा रेषेच्या अलीकडे असतानाही दिवा लागतो. म्हणून जॅकवर असतानाच दुवा हाताने थोडा उघडून पाहतात. तो रेषेवर येण्याआधी दिवा विझलाच पाहिजे.

शेवटी पंप बंद करून चाके नुसत्या वजनाने आणि स्प्रिंगने पडून अडकतात का, हे पाहतात. जॅकवर वारा नसतो, ही मोठी अडचण. पुढचे चाक वाऱ्याविरुद्ध उघडत असेल, तर जमिनीवर खटकन बसणारे चाक हवेत अर्ध्यावर थांबू शकते. त्यामुळे अनेक जण पहिल्या उड्डाणाला चाके वर घेतच नाहीत.