ट्रिब्युनलनेही पार्टनर व्हिसा नाकारला, आता कोर्ट काय करू शकतं?

परवा एका जुन्या विद्यार्थिनीच्या वालिदांचा फोन आला. मुलीचा निकाह झालाय, जावई मेलबर्नला. पार्टनर व्हिसा नामंजूर झाला, जावयाने ट्रिब्युनलकडे दाद मागितली, तिथेही नकार. त्यांनी विचारलं, "सर, आता कोर्टात गेलो तर पोरीला व्हिसा मिळेल ना?"

कोर्ट व्हिसा देत नाही, हे आधी समजून घ्या.

दहावी-बारावीचं उदाहरण देतो. पुनर्मूल्यांकनात पेपर पुन्हा तपासतात. गुणपडताळणीत फक्त एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, बेरीज चुकली का, एवढंच बघतात. ऑस्ट्रेलियात ट्रिब्युनल म्हणजे पुनर्मूल्यांकन. तिथे सगळं प्रकरण नव्याने बघतात, नवे पुरावेही देता येतात. (१४ ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या ट्रिब्युनलच्या जागी अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल आलंय.) त्यानंतरचं फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्ट म्हणजे गुणपडताळणी. तुमचं लग्न खरं आहे की नाही, हे न्यायाधीश ठरवत नाहीत. ट्रिब्युनलने कायद्याप्रमाणे काम केलं का, एवढंच ते बघतात.

मग चूक कशाला म्हणायचं? नियम १.१५अ मध्ये चार गोष्टी आहेत: पैशाचा व्यवहार, घरसंसार, समाजात नवरा-बायको म्हणून ओळख आणि एकमेकांशी बांधिलकी. त्याखाली दिलेला प्रत्येक मुद्दा ट्रिब्युनलला विचारात घ्यावाच लागतो, असं फेडरल कोर्टाच्या पूर्णपीठाने २०१७ मध्ये सांगितलं. एखादा मुद्दा बघितलाच नाही, कायद्याचा अर्थ चुकीचा लावला, किंवा विरोधातली माहिती न दाखवताच निकाल दिला, तर केस उभी राहू शकते. पण ती चूक झाली नसती तर निकाल वेगळा लागू शकला असता, हेही दिसावं लागतं. "आमचं म्हणणं पटवून घेतलं नाही" एवढ्यावर काही होत नाही.

आपल्या घरांत अडचण वेगळीच असते. रुख्सती व्हायची असते, मुलगी माहेरीच. शरमेपोटी दोघांचे फोटो काढलेले नसतात. खर्चाचे पैसे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातून रोख पाठवलेले. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण तिथल्या अधिकाऱ्याला कोरी फाईल दिसते. हे सगळं ट्रिब्युनलसमोरच लेखी मांडायला हवं. निकाहनामा लग्नाचा पुरावा आहे, नातं चालू असल्याचा नाही. आणि ट्रिब्युनलला न दाखवलेले फोटो नंतर कोर्टात नेऊन सहसा उपयोग होत नाही.

कोर्टात जिंकलात तरी निकाल रद्द होऊन प्रकरण पुन्हा ट्रिब्युनलकडे जातं, तिथे परत नकारही येऊ शकतो. हरलात तर सहसा सरकारचा खर्चही भरावा लागतो. म्हणून कोर्टात जायचं की पुरावे नीट जमवून नव्याने अर्ज करायचा, हे वकिलाला स्पष्ट विचारा. "नक्की जिंकू" म्हणणाऱ्या एजंटला तर लांबूनच सलाम करा.

मुदत ३५ दिवसांची. ती ट्रिब्युनलच्या लेखी निर्णयावरच्या तारखेपासून मोजतात, तुमच्या हाती पत्र पडल्यापासून नाही. कोर्ट मुदत वाढवू शकतं, पण त्यासाठी लेखी कारण द्यावं लागतं आणि ते कोर्टाला पटावं लागतं.

मी त्यांना पत्रावरची तारीख वाचायला लावली. एकोणीस दिवस गेले होते. त्याच रात्री जावयाने तिथल्या इमिग्रेशन वकिलाकडे कागद पाठवले.