निकाली कुस्तीचे दिवस

कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात गावोगाव यात्रा भरू लागल्या आणि पालखी देवळात परतल्यावर लोकांचे लोट कुस्तीच्या फडाकडे वळू लागले, म्हणजे ज्यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांतील मैदाने प्रत्यक्ष पाहिली आहेत, अशा वृद्धांच्या मुखी एकच खंत येते, की ती निकाली कुस्ती आता राहिली नाही. रेवड्यांवर नि नारळावर झुंजणारी पोरे आटोपली, हलगी कडाडली, आणि ताकदीने तोलामोलाची अशी बडी जोड सलामीला उभी राहिली, की मग गुणांचा हिशेब नसे. ढाक असो वा घिस्सा, प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला टेकेपर्यंत झुंज चाले, आणि क्वचित पंचांना ती बरोबरीत सोडवावी लागली तर पटावरील इनामापेक्षा त्या अनिर्णयाचीच चर्चा पुढील यात्रेपर्यंत पुरे.

या मुलखाने त्या काळात दिलेली माणसे आठवली, तर ही खंत पोकळ वाटत नाही. शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले; कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मुक्त शैलीत सुवर्ण आणि ग्रीको-रोमन शैलीत रौप्य मिळवून १९६४ मध्ये तीच हिंदकेसरीची गदा सांगली जिल्ह्यात आणली.

परंतु या साऱ्या स्मृतींच्या केंद्रस्थानी मला कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव दिसतात. १९४८ साली लंडनला सहावे आलेल्या या मल्लाच्या हेलसिंकी-प्रवासासाठी लोकांनी वर्गणी काढली, राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि १९५२ साली स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकून खाशाबा परतले तेव्हा शंभरांवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे त्यांनी कुस्त्या मारून मिळालेल्या पैशातून ते घर सोडविले. असे दुसरे वैयक्तिक पदक देशाला मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

म्हणून मातीचा कैवार घेऊन गादीला दूषणे देणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. लंडनमध्ये खाशाबांना गादी नवखी होती, ती त्यांनी चार वर्षांत आत्मसात केली. मातीत वाढलेल्या मल्लाने गादीवर मिळविलेले कांस्य हेच आपल्या अभिमानाचे मूळ असताना गादीला परकी म्हणणे त्यांच्यावरच अन्याय करणे होय. महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत माती विभागाचा विजेता गादीच्या विजेत्याशी भिडतो, ही वहिवाट मला योग्य वाटते. हळहळ वाटावी ती त्या सामायिक जबाबदारीची, की जिच्यापोटी पोराच्या अंगी गुण दिसताच त्याच्या दूध-तूप-बदामाचा खुराक हा गावाचा खर्च मानला जाई, आणि वस्तादाचा शब्द त्याच्या घरात बापाच्या शब्दाइतका चाले.

मात्र त्या तालमींची दारे मुलींना बंद होती, हेही स्मरणात राहिले पाहिजे. मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली ती सांगलीत, आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून ती गदा खांद्यावर घेतली.