गरोदरपणी चहा-कॉफी : कप मोजा, वेळ पाळा

घरात सुनेला दिवस गेल्याची गोड बातमी कळली की, तिच्या पाठोपाठ मनाईची यादीही येते. हे खाऊ नको, ते पिऊ नको, आणि चहा-कॉफी तर मुळीच नको, बाळ काळं होतं! उलट, "आम्ही नाही का पाच-पाच कप प्यायलो, काय बिघडलं?" असं म्हणणाऱ्याही घरोघरी असतातच. बिचारीनं ऐकावं तरी कुणाचं?

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करू या. चहा-कॉफीचा बाळाच्या रंगाशी काडीचाही संबंध नाही. रंग येतो तो आईवडिलांकडून. पण म्हणून कितीही प्यावं, असंही नाही बरं का! चहा आणि कॉफी दोन्हींत कॅफीन असतं. ते आईच्या रक्तातून वारेवाटे बाळापर्यंत पोचतं आणि बाळाच्या कोवळ्या शरीराला ते पचवता येत नाही. एरवी आपण घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं साधारण पाच तासांत शरीरातून निघून जातं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्यालाच पंधरा तासांपर्यंत लागू शकतात. म्हणजे सकाळचा कप रात्रीपर्यंत अंगात रेंगाळतो. रात्री झोप लागत नाही, ती काही उगाच नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलं, की दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन घेणाऱ्या गरोदर स्त्रियांनी ते कमी करावं. त्यानं गर्भपाताचा आणि बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका कमी होऊ शकतो. इंग्लंड-अमेरिकेतले डॉक्टर तर २०० मिलिग्रॅमचीच मर्यादा सांगतात. प्रश्न पोटातल्या जिवाचा आहे, तेव्हा आपणही २०० च्या आतच राहिलेलं बरं.

कपात असतं तरी किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेला हिशेब असा : दीडशे मिलिलिटरच्या कपात

चहा – ३० ते ६५ मिलिग्रॅम
इन्स्टंट कॉफी – ५० ते ६५ मिलिग्रॅम
फिल्टर कॉफी – ८० ते १२० मिलिग्रॅम

म्हणजे दिवसभरात दोन कप चहा आणि एक कप इन्स्टंट कॉफी झाली, तर बेरीज ११० ते १९५. मर्यादेत बसलं! फिल्टर कॉफीचे मात्र दोन कपच २०० ओलांडू शकतात. आणि कप कोणता, तेही पाहा. स्टीलचा मोठा पेला किंवा हॉटेलातला कोल्ड कॉफीचा उंच ग्लास म्हणजे एक कप नव्हे! कोला, चॉकलेट, डोकेदुखीच्या काही गोळ्या, यांतही कॅफीन असतं. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर तर ते गरोदर स्त्रियांसाठी नाही, असं छापलेलंच असतं. त्याच्या वाटेला जाऊच नये.

खरी गोची वेळेची

आपल्याकडे कपांच्या संख्येपेक्षा त्यांची वेळच जास्त नडते. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबे संपतात न संपतात, तोच चहाची किटली येते. घरीही नाश्त्याच्या पोह्यांसोबत चहा हवाच. पण चहा-कॉफीतलं टॅनिन डाळी-पालेभाज्यांतल्या लोहाला धरून ठेवतं आणि ते अंगी लागू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी ५२ टक्क्यांहून अधिक जणींना रक्तक्षय होता. आधीच रक्त कमी, त्यात मेथी-चवळीतलं लोहही वाया! बाळंतपणात रक्तस्राव झाला, तर अशा बाईच्या जिवावर बेततं.

म्हणून जेवणाआधी तासभर आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी नको. सरकारी दवाखान्यातून किंवा आशाताईंकडून मिळणारी लोहाची गोळी तर चहाच्या घोटाबरोबर कधीच घेऊ नये. दुधाबरोबर आणि कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको. दोन्ही गोळ्यांच्या वेळा वेगळ्या ठेवा. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. आर्वी, आष्टी, कारंजाकडची संत्री घरी आली असतील, तर दोन फोडी सोबत खा. आंबट फळांतल्या क जीवनसत्त्वानं लोह चांगलं अंगी लागतं.

सवय मोडताना

रोज पाच-सहा कपांची सवय असेल, तर एकदम बंद करू नका, डोकं ठणकतं. आठवड्याला एक-एक कप कमी करा. कॉफीची पूड अर्धा चमचा घाला, दूध वाढवा. सकाळी मळमळत असेल, तर उपाशीपोटी चहा घेण्याआधी टोस्ट किंवा कुरमुरे खा. दुपारी उन्हातून आल्यावर ताक, पन्हं, लिंबाचं सरबत घ्या. वर्ध्याच्या उन्हाळ्यात तेच जास्त मानवतं. कुणी सांगितलं म्हणून नाना काढे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आपल्या जिल्ह्याला हा विषय तसा जुनाच. सेवाग्रामला राहणाऱ्या गांधीजींनी १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. चहा, कॉफी, कोको यांतलं काहीच शरीराला आवश्यक नाही, असं मत त्यात मांडून त्यांनी गरम पाण्यात मध-लिंबू सुचवलं. एवढा संयम आपल्याला जमेलच असं नाही आणि गरोदरपणी तेवढी सक्तीही नाही. फक्त पाहुण्यांसोबत प्रत्येक वेळी सुनेच्याही हातात कप देण्याचा आग्रह सासूबाईंनी सोडावा. रक्तदाब वाढलेला असेल, रक्त फार कमी असेल किंवा पूर्वी गर्भपात झाला असेल, तर किती कप चालतील, हे पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनाच विचारावं. विचारण्यात संकोच कसला?