गाडी गेली, कर्ज राहिले

संगमनेर तालुक्यात दूध, टोमॅटो, कांदा वाहणाऱ्या कितीतरी पिकअप फायनान्सवर घेतलेल्या असतात. भाव पडतात, हप्ते थकतात आणि एक दिवस फायनान्सवाले गाडी ओढून नेतात. मग बाकीची नोटीस येते. घाबरून कुठेही सही करणे आणि नोटीस न वाचता बाजूला टाकणे, दोन्ही महागात पडते. दोन्हींच्या मुळाशी काही गैरसमज आहेत.

‘गाडी नेली, हिशेब मिटला.’ मिटत नाही. गाडी फक्त तारण होती. ती विकून आलेली रक्कम कर्जात जमा होते आणि उरलेली बाकी कर्जदाराकडूनच वसूल होते. गाडी स्वतःहून जमा केली तरी हेच. जामीनदारही सुटत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम 128नुसार त्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे कर्जदाराइतकीच असते.

‘नोटिशीतला आकडा भरावाच लागतो.’ सर्वांत जास्त पैसा या समजापायी जातो. समजा, बाकी 4,60,000 रुपये होती, लिलावात 3,10,000 आले, टोइंग आणि यार्डभाड्याचे 18,000 लागले. देणे झाले 1,68,000. नोटिशीत 2,30,000 लिहिले असतील, तर वरचे 62,000 कशाचे? लेखी विचारा. खातेउतारा मागा, लिलावाची तारीख, गाडीचे मूल्यांकन, आलेल्या बोली आणि खर्चाच्या पावत्या मागा. गाडी ताब्यात घेण्यापूर्वीची नोटीस आणि विक्रीआधी पैसे भरण्याची शेवटची संधी, या दोन्हींची तरतूद फायनान्स कंपनीच्या करारात असावी, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. करार काढून ती कलमे वाचा. दंडव्याजही 2024पासून बंद झाले आहे. दंडात्मक शुल्क घेता येते, पण त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. आणि गाडी बाकीपेक्षा जास्त किमतीला गेली, तर वरचे पैसे तुमचे आहेत, ते मागून घ्या.

‘पैसे नाहीत म्हणजे तुरुंग.’ निव्वळ कर्ज थकणे हा गुन्हा नाही, दिवाणी बाब आहे. मात्र चेक किंवा ई-मँडेट परत गेल्यास वेगळा फौजदारी खटला होऊ शकतो, म्हणून न्यायालयाचे समन्स कधीच टाळू नका. वसुली एजंटाने सकाळी 8पूर्वी आणि सायंकाळी 7नंतर फोन करायचा नाही. गुंड पाठवून वसुली चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007मध्ये प्रकाश कौर प्रकरणात बजावले आहे. तक्रार आधी कंपनीकडे लेखी द्या. 30 दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. चौकशीसाठी क्रमांक 14448.

कर्ज पतसंस्थेचे असेल तर वाट वेगळी. राज्याच्या सहकार कायद्याखालच्या पतसंस्था कलम 101खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळवतात. त्या सुनावणीला गैरहजर राहिलात तर तुमची बाजू ऐकलीच जात नाही.

‘तीन वर्षे गप्प बसले की सुटलो.’ दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची हे खरे. पण मुदतीत लेखी कबुली दिली किंवा सहीनिशी थोडी रक्कम भरली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. शिवाय सिबिलवरची नोंद राहतेच. तडजोड करून कमी रक्कम भरली तरी खाते ‘सेटल्ड’ दिसते, ‘क्लोज्ड’ नाही, आणि पुढचे कर्ज अडते. तडजोडीचे पत्र हातात आल्याशिवाय रुपयाही देऊ नका, आणि एजंटाच्या हाती रोख तर नकोच.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. लिलावानंतर आरसीवरचे नाव बदलले का, हे वाहन पोर्टलवर किंवा श्रीरामपूरच्या आरटीओत तपासा. नाव तुमचेच राहिले तर चलन तुमच्याकडे येईल, अपघाताचा दावाही येऊ शकतो.

संगमनेरच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. दावा दाखल होण्याआधीही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तिथे फी नाही आणि तुमच्या संमतीशिवाय तडजोडही होत नाही. नोटीस, करार आणि खातेउतारा घेऊन त्याच आठवड्यात तिथे जा.