गोठ्यातली जीप

वैशाखरे हे नाणेघाटाच्या पायथ्याचे गाव. कल्याणहून माळशेजकडे निघालात की मुरबाड, टोकावडे सोडल्यावर लागते. तिथल्या एका गोठ्यात म्हशींच्या शेजारी १९९६ पासून एक जीप उभी होती. ती तिथे उभी राहण्यात थोडा माझाही हात होता.

त्या काळी मी बँकेत कर्जाचे अर्ज पाहत असे. जीपवाल्या शेतकऱ्याचे जुने कर्ज फिटले होते. इंजिन बांधायला थोडे पैसे हवे होते. गाडी १९७२ची. वय पाहून मी ‘नामंजूर’ असा शेरा मारला. नियमाने तो बरोबरच होता.

गेल्या वर्षी भाताची झोडणी आटोपल्यावर त्यांचा नातू माझ्याकडे आला. “साहेब, आजोबांची जीप चालू करायचीय. नव्वद हजार आहेत.”

जीप उंच बॉनेटची, विलीजच्या सीजे-थ्री-बी जातीची. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ ते १९६८ निघाले. महिंद्रने आपल्याकडे ते पुढेही कितीतरी वर्षे बनवले. म्हणूनच कुर्ल्याच्या भंगार बाजारात चिकाटीने हिंडले तर तिचे भाग अजून हाती लागतात.

मेकॅनिकने बॉनेटला हातच लावला नाही. हातोडी घेऊन तो गाडीखाली शिरला आणि चासी ठोकत गेला. टणटणले तर लोखंड, बद्द वाजले तर गंज. घाटाखालचा पाऊस तो! मागच्या बाजूला दोन ठिकाणी बद्द वाजले. पत्रा गेला तर नवा ठोकता येतो, चासी गेली की गाडीच गेली.

नातवाला आधी रंग हवा होता. मी वहीत क्रम लिहून दिला: चासीचे वेल्डिंग, ब्रेक, स्टिअरिंगचे किंगपिन, मग इंजिन. रंग सगळ्यांत शेवटी. (बँक सुटली तरी खतावणी सुटत नाही.)

इंजिन जाम होते. प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल सोडले आणि आठवडाभर वाट पाहिली. आठव्या दिवशी हँडल फिरले. “डिझेल इंजिन टाका, पेट्रोल परवडणार नाही,” असा सल्ला गावभर मिळाला. पण इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद हवी. पेट्रोल इंजिनच ठेवले.

आरसी बुकावर मात्र बँकेचा बोजा तसाच होता! कर्ज फिटले, पण तो उतरवायचे कुणालाच सुचले नाही; मलाही नाही. फॉर्म ३५वर बँकेची सही आणायला मीच तीन फेऱ्या मारल्या. ५० वर्षांपुढच्या मूळ स्वरूपातल्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते. पण मग ती रोज वापरता येत नाही. नातवाला भाताची पोती न्यायची होती. तेव्हा साधे नूतनीकरण, तपासणी आणि दर ५ वर्षांनी पुन्हा तेच.

सगळे होऊन अकराशे रुपये उरले. तेवढ्यात कसला रंग येतो!

पहिल्या फेरीला आजोबा पुढे बसले, मी मागे. जुन्या अर्जाचा विषय त्यांनी काढला नाही. जीप सुटता सुटता मान वळवून एवढेच म्हणाले, “साहेब, पाय आत घ्या.”